जुनी चाकं, नवी चाकं: सुधारणा किती आणि नुसता बदल किती?

उतारावरचा
मंडळी,
काकांची दहा गिअरची (पुढे दोन, मागे पाच चक्र्या) जुनी सायकल फिरत फिरत माझ्याकडे आली आहे. फ्रेम ठणठणीत, रंग थोडा उडालेला. चाकं बघून मात्र विचारात पडलोय. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिम, ३६-३६ स्पोक, नटाने आवळायचे ॲक्सल आणि टायरवर २७ × १ १/४ असं लिहिलेलं. टायरच्या भिंतींना वाळलेल्या चिखलासारख्या भेगा गेल्यात.

माझी रोजची सायकल नवीन आहे. ॲल्युमिनिअम रिम, डिस्क ब्रेक, ७०० × ३२ चे ट्यूबलेस टायर. आठवडाभर दोन्ही आलटून पालटून चालवल्या (जुनी अर्थातच जपून, टायर कधी साथ सोडेल याचा नेम नाही). जुनी हलायला वेळ घेते, पण एकदा चालायला लागली की थांबायचं नाव घेत नाही. हे कौतुकाने लिहून ठेवलं होतं. मग पाऊस आला आणि कळलं, ती खरंच थांबत नाही.

तर प्रश्न असा: चाकांची पूर्ण जोडी बदलावी, की आहेत तीच दुरुस्त करावीत? आणि आता जरा काडी टाकतो. माझं मत असं की गेल्या चाळीस वर्षांत टायर सुधारले, चाकं फक्त देखणी झाली. हाणा आता.

सुसाट
बदला. जुनं ते सोनं असेल, पण सोन्याच्या रिमसुद्धा जड असतात.

मोजपट्टी
काडीचं नंतर बघू. आधी टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत ३२-६३० असा आकडा आहे का ते बघा. २७ इंच, २८ इंच या आकड्यांवर काडीचाही विश्वास ठेवू नका. ती मापं टायरच्या बाहेरच्या व्यासाची, आणि तीही अंदाजे. महत्त्वाचं माप म्हणजे टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास. ईटीआरटीओ या युरोपियन टायर-रिम संघटनेच्या पद्धतीत तो मिलिमीटरमध्ये छापतात, पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा.

तुमची २७ इंची म्हणजे ६३०. हल्लीची ७००सी म्हणजे ६२२. म्हणजे जी 'सत्तावीस' आहे ती प्रत्यक्षात मोठी, आणि '२९ इंची' म्हणून माउंटन बाइकला विकतात ती परत ६२२ च! जुन्या दांडीच्या ब्रेकवाल्या सायकलींची २८ × १ १/२ म्हणजे ६३५. आणि २६ इंचाची तर आख्खी भाऊबंदकी आहे: ५५९, ५७१, ५८४, ५९०, सगळे सख्खे २६ आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

ठिगळ
मोजपट्टी, ५९० वाल्या रिमवर ५५९ चा टायर चढवायला मी एक आख्खी दुपार घालवली आहे. दोन्हींवर २६ लिहिलेलं. दोन लिव्हर मोडल्या, अंगठ्याचं नख गेलं. शेवटी वाटलं आपल्यातच ताकद नाही.

मोजपट्टी
ठिगळ, तुम्हाला दंडवत. ३१ मिलिमीटरचा फरक लिव्हरने ताणायला निघालात!
लक्षात ठेवायला एक सोपा नियम आहे. एकावर अपूर्णांक आणि दुसऱ्यावर दशांश असेल आणि गणितात दोन्ही सारखे येत असतील, तर ते टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २६ × १ ३/४ आणि २६ × १.७५ बघा. शाळेत एकच उत्तर, रिमवर ५७१ आणि ५५९.

वाचनमात्र
इतकी वर्षं फक्त वाचत आले, आज लिहितेच. मग ७००सी मधला 'सी' काय?

मोजपट्टी
ही फ्रेंच पद्धत. ७०० म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर, आणि अक्षर टायरच्या जाडीचं. ए सगळ्यात बारीक, सी जाड. बाहेरचा घेर तोच ठेवायचा तर जाड टायरला रिम लहान लागणार, म्हणून ७००ए ६४२, ७००बी ६३५ आणि ७००सी ६२२. पुढे सी च्या रिमवर बारीक टायर चढवायला लागले आणि ७०० चा ७०० शी संबंध संपला. ७०० × २८ चा बाहेरचा व्यास ६७८ च्या आसपास भरतो.

आऊट_काढणारा
धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. उतारावरचा भाऊ, चाक म्हणजे एक वस्तू नाही. हब, स्पोक, रिम, टायर या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि चौघांची सुधारणा वेगवेगळ्या वेगाने झालीय. एका फटक्यात 'चाकं फक्त देखणी झाली' म्हणणं चूक.

लोखंडी रिमपासून सुरुवात करू. लोखंड ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. रिम तितकी जड होत नाही कारण पत्रा पातळ ठेवतात, पण मग ती खड्ड्यात आपटली की डेंट येतो आणि तो ठोकून पूर्ण सरळ होत नाही. खरं दुखणं मात्र तुम्ही अनुभवलंत ते, म्हणजे ओला ब्रेक. क्रोम गुळगुळीत असतो, ओला झाला की रबर त्यावर नुसतं घसरतं. त्यावर उपाय म्हणून ब्रेकच्या रबरावर चामड्याचा थर लावलेले तुकडे मिळायचे, त्यांनी बराच फरक पडायचा. ॲल्युमिनिअमवर तेच ब्रेक, तेच रबर, आणि पावसात सायकल थांबते. माझ्या मते सायकलच्या चाकातली सर्वांत मोठी सुधारणा हीच. कार्बन, ट्यूबलेस वगैरे नंतरचा थाट.

सुसाट
डिस्क ब्रेक राहिला की!

आऊट_काढणारा
डिस्कने मोठी गोष्ट केली ती म्हणजे रिमला ब्रेकच्या कामातून निवृत्त केलं. रिम ब्रेकमध्ये रबर आणि वाळूचे कण मिळून ॲल्युमिनिअम रोज थोडं थोडं खरवडतात. भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस हवेच्या दाबाने उसवते. लोखंडी रिमला हा प्रश्न नव्हता, ती झिजण्याआधी गंजायची.
पण ब्रेक हबपाशी गेला की रिमपर्यंत तो जोर स्पोकनाच पोचवावा लागतो. म्हणून डिस्कच्या चाकाला स्पोक सरळ हबमधून बाहेर काढून चालत नाहीत, एकमेकांना छेदूनच विणावे लागतात. ही तिरकी वीण जेम्स स्टार्लीची, १८७४ ची. नव्याला अशी जुन्याची गरज पडतेच.

पायडलपंडित
स्पोकवरून विषय निघालाच आहे तर एक प्रश्न. सायकल खालच्या स्पोकवर उभी असते की वरच्या स्पोकना लटकलेली असते?

सुसाट
झालं. धागा गेला.

ठिगळ
लटकलेली, उघड आहे. तार दाबली तर वाकते, ओढली तर ओढ घेते. मग वरची तारच भार धरणार.

मोजपट्टी
उघड आहे असं वाटतं खरं. पण करून बघा. सायकलवर कोणी न बसता खालचा आणि वरचा स्पोक बोटाने छेडा, सतारीच्या तारेसारखा. आवाज लक्षात ठेवा. मग कुणाला तरी सायकलवर बसवा आणि परत छेडा. वरच्या स्पोकचा सूर जवळजवळ तोच राहतो. खालच्या दोनचार स्पोकचा सूर मात्र उतरतो. म्हणजे भाराने झालेला बदल फक्त खाली होतो: तिथला ताण कमी होतो. स्पोक आधीच ताणून बसवलेले असल्यामुळे ताण कमी होणं म्हणजे हिशेबाने दाब घेणंच. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अभियंत्याने हे आकडेमोड करून दाखवलं, तेव्हापासून जगभर लोक यावर भांडतायत.

ठिगळ
आत्ता छेडून आलो. सौ. विचारतायत काय चाललंय. खालचा सूर खरंच उतरला. तरीही मनाला पटत नाही.

वाचनमात्र
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बसवलं कुणाला होतं?

ठिगळ
सौ. ना. म्हणून तर विचारतायत.

आऊट_काढणारा
या सुराचा एक उपयोग आहे. चाक डगमगायला लागलं, आऊट आला, की एका बाजूचे सगळे स्पोक छेडत जायचं. जो बेसूर तो ढिला. जुन्या चाकात हे फार सोपं जायचं. कारण सांगतो.

मागच्या चाकात गिअरच्या बाजूला जागा सोडायची तर रिम हबच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला सरकते. त्या बाजूचे स्पोक जास्त उभे होतात आणि त्यांना जास्त ताण लागतो, दुसऱ्या बाजूचे ढिलेच राहतात. मागे पाच चक्र्यांच्या काळात चौकटीत मागच्या चाकाची जागा १२० मिलिमीटरची होती आणि सरक अगदी थोडी. आता मागे अकरा बारा चक्र्या मावतात. त्यासाठी चौकटीची जागा १२६, १३०, १३५, १४२ अशी रुंदावत नेली तरी ती सगळी वाढ गिअरनेच खाल्ली. डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या निम्म्यावर येतो. वर स्पोक २४ किंवा २८. म्हणजे घडणीचा विचार केला तर तुमचं ३६ स्पोकचं पाच चक्र्यांचं मागचं चाक आजच्या चाकापेक्षा बांधायला अधिक मजबूत आहे. जुन्या इंग्लिश धाटणीच्या सायकलींना तर पुढे ३२ आणि मागे ४० असायचे. चाळीसपैकी एक तुटला तरी घरी पोचता यायचं. २० स्पोकच्या चाकात एक तुटला की रिम चौकटीला घासते आणि सायकल खांद्यावर.

सुसाट
पण भाऊ, कमी स्पोक उगाच नाही करत. चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. ३६ तारा तिथे हवा घुसळत असतात. शर्यतीत त्याचा फरक पडतो.

आऊट_काढणारा
शर्यतीत पडतो. उतारावरचा भाऊ काकांच्या सायकलवर शर्यत करणार आहेत का?

उतारावरचा
नाही हो. मला थांबायची पंचाईत आहे.

ओली_वाट
हबबद्दल कोणी बोललं नाही. जुन्या हबात सुटे छर्रे, कप आणि कोन. वर्षातून एकदा उघडा, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा, कोन आवळा. घट्टही नको, सैलही नको, हे 'बरोबर' बोटाला कळायला वेळ लागतो. पण एकदा कळलं की हब आयुष्यभर चालतो. काही हबांना तर मधोमध तेल घालायचं भोक आणि त्यावर फिरणारी पत्र्याची कडी असायची.
नव्यात सीलबंद बेअरिंग. काही करायचं नाही, खराब झालं की ठोकून काढायचं आणि दुसरं दाबून बसवायचं. ते काम हत्याराशिवाय होत नाही. माझी तक्रार हीच. जुनं चाक मला दोन पान्ह्यांत कळायचं.

पायडलपंडित
ताई, तुम्ही मागचं ॲक्सल मोडलेलं बघितलं नाहीये वाटतं. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आटे देऊन बसायचं, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, चौकटीपासून लांब राहायचं. तेवढं ॲक्सल उघडं लोंबतं, आणि चक्र्या वाढल्या की आणखी. मी सात चक्र्यांच्या फ्रीव्हीलवर दोन ॲक्सल मोडली. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात फ्रीव्हीलची यंत्रणा हबातच घातली आणि बेअरिंग बाहेर, चौकटीजवळ नेलं. त्यानंतर एकही नाही मोडलं.

ओली_वाट
हे मान्य. पाच चक्र्यांवर मात्र माझं कधी मोडलं नाही.

आऊट_काढणारा
पाचला लोंबतं थोडं, म्हणून नाही मोडत. दोघंही बरोबर आहात.

सुसाट
आता टायर. उतारावरचा, जुन्यात किती पौंड हवा भरलीय?

उतारावरचा
भेगांच्या भीतीने पन्नास. टायरवर सत्तर लिहिलंय. आपला नेहमीचा समज असा की जास्त हवा, कमी घर्षण, जास्त वेग. बारीक टायर आणि १२० पौंड. बरोबर ना?

मोजपट्टी
हा समज मीही पंधरा वर्षं बाळगला.
टायर जमिनीला किती टेकतो ते ढोबळपणे भार भागिले दाब. चाकावर ४० किलो भार आणि ६० पौंड, म्हणजे साधारण ४ बार हवा असेल तर १० चौरस सेंटिमीटर. टायर बारीक असो की रुंद, टेकण्याचं क्षेत्रफळ तेच. फरक आकारात. बारीक टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आडवा. लांबट ठशात टायरची भिंत जास्त वाकते, आणि वाकलेलं रबर परत येताना थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. म्हणजे एकाच बनावटीचे टायर, एकच दाब, तर रुंद टायर कमी ओढ घेतो.

'पण रुंदात दाब कमीच ठेवतात' असं म्हणाल, तेही खरं. मग गुळगुळीत रुळावर प्रयोगशाळेत १२० पौंडवाला जिंकतो. रस्ता रुळ नसतो. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला अख्खी सायकल आणि सायकलस्वार वर उचलतो. ती उचललेली ऊर्जा तुमच्या मांड्यांत आणि मनगटांत विरते. जीव थकतो आणि वेगही जातो. जास्त हवेत सायकल जोरात चालल्यासारखी वाटते, कारण कंप वाढतो. कंपाला आपण वेग समजतो.

ठिगळ
'कंपाला आपण वेग समजतो.' वाह. सायकलबाहेरही लागू.

पायडलपंडित
म्हणूनच शर्यतीतले लोकसुद्धा २० ते २३ मिलिमीटरवरून २८, ३० वर आले. सायकलींवर लिहिणाऱ्या फ्रँक बर्टोचा जुना ठोकताळा अजून चालतो: बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के दबला पाहिजे. मी पट्टी लावून बघतो. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा कमी हवा भरा, भारही कमीच असतो.

ओली_वाट
आणि या 'नव्या' रुंद टायरची गंमत म्हणजे ते नवे नाहीतच. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलींना अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी ६५०बी रिमवर ४० च्या आसपासचे मऊ, पातळ भिंतीचे टायर असायचे. तो ५८४ चा आकार जवळजवळ मरणाला टेकला होता. मग माउंटन बाइकवाल्यांनी '२७.५' असं नवं बारसं केलं आणि तो जिवंत झाला. सायकलींच्या नियतकालिकाचा संपादक जान हाइन याने त्या जुन्या टायरांच्या बाजूने किती चाचण्या केल्या, तेव्हा कुठे लोकांना पटलं.

सुसाट
'२७.५' २६ आणि २९ च्या मधोमध असेल असं वाटतं ना? ५५९, ५८४, ६२२. २६ लाच जास्त जवळ आहे. मार्केटिंगवाले गणितात नापास.

वाचनमात्र
माझ्या टायरवरची नक्षी गेलीय, पार गुळगुळीत. पावसात घसरेल का?

मोजपट्टी
नक्षी डांबरी रस्त्यावर शोभेपुरती. मोटारीचा टायर रुंद, सपाट आणि कमी दाबाचा, पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि जास्त दाबाचा. तो पाणी चिरत जातो. तरंगायला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेग लागेल. पावसात घसरतो ते पाण्यामुळे नव्हे, रंगवलेल्या पट्ट्या, लोखंडी झाकणं आणि ओल्या पानांमुळे. तिथे नक्षीही काही करत नाही. माती, चिखल असेल तर मात्र गोटे हवेतच.
पण नक्षी *झिजून* गेली असेल तर वेगळी गोष्ट. आतलं कापड दिसायला लागलं का बघा. दिसलं तर आज बदला.

पायडलपंडित
रबराचा मसाला बदललाय हेही महत्त्वाचं. काळ्या टायरातली काजळी झीज आणि ऊन सोसते. हल्ली सिलिका घालतात, ओल्यात पकड सुधारते. तारेच्या जागी ॲरामिडचा धागा आला म्हणून टायर घडी करून खिशात जातो. खाली काटा अडवणारा पट्टा. जुना टायर आणि नवा टायर, दोन्ही गोल काळे दिसतात, पण सारखेपणा तिथेच संपतो.

ठिगळ
आता मुख्य लढाई. ट्यूबलेस.
माझा अनुभव: रस्त्यात टायरला मोठी चीर गेली. आतलं पांढरं दूध (भोक बुजवणारा सीलंट) चीर बुजवायचं सोडून कारंज्यासारखं उडालं. पाय, चष्मा, शेजारून जाणारा कुत्रा, सगळे पांढरे. मग रिमला चिकटलेला टायर सुटेना. सुटला तर आत ट्यूब टाकायला व्हॉल्व्हची नट इतकी घट्ट की बोटाने निघेना. पाच किलोमीटर चालत आलो. जुन्या पद्धतीत सोल्युशन, ठिगळ, दहा मिनिटं.

सुसाट
आणि त्या चीर पडलेल्या दिवसाआधी किती काटे गेले आणि तुला कळलेही नाहीत, ते मोज ना.

ठिगळ
ते कसे मोजणार? कळलेच नाहीत!

सुसाट
हाच तर मुद्दा.

ओली_वाट
सुसाटला अनुमोदन. टायर बदलताना आत अकरा काटे सापडले होते माझ्या. पण दूध काही महिन्यांत वाळतं, आणि हे लोक विसरतात. वाळलेल्या दुधाचा ट्यूबलेस म्हणजे ट्यूब नसलेला टायर, दुसरं काही नाही.
खड्ड्यात आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात ते मात्र ट्यूबलेसमध्ये कायमचं संपलं. रुंद टायर कमी हवेवर चालवायचे तर हा फायदा मोठा.

आऊट_काढणारा
आता एक गंमत सांगतो, याच्यासाठी इतका वेळ थांबलो होतो.
काकांच्या लोखंडी रिमच्या आतली कड बोटाने चाचपून बघा. सरळ भिंत लागेल, टायरला धरून ठेवणारा आकडा (हूक) नसेल. जुन्या लोखंडी रिम अशाच असत. म्हणून त्यांवर सत्तर-पंचाहत्तर पौंडाच्या वर जायचं नाही, टायर उसळून बाहेर येतो. मग ॲल्युमिनिअम रिम आल्या, त्यांना आकडे आले, दाब शंभराच्या वर गेला आणि सगळे म्हणाले, काय सुधारणा!
आता बऱ्याच नव्या कार्बन रिम बघा. आकडे काढून टाकलेत. त्याला 'हूकलेस' म्हणतात. आणि त्यांची कमाल मर्यादा? ५ बार. म्हणजे साडेबहात्तर पौंड.

पायडलपंडित
म्हणजे काकांची सायकल काळाच्या पुढे होती.

मोजपट्टी
गंमत खरी, पण दोन्हींतला फरक सांगायला हवा, नाहीतर कुणीतरी लोखंडी रिमवर ट्यूबलेस चढवायचा. नव्या हूकलेसमध्ये टायरची कड बसायची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी असते, आत कडेला अडवणारा उंचवटा असतो आणि टायरही त्याचसाठी बनवलेला लागतो. मर्यादेचं कारण मात्र दोन्हीकडे एकच. टायरला बाहेर ढकलणारा जोर दाब आणि रुंदी दोन्हींबरोबर वाढतो. म्हणून ३२ चा टायर ६० पौंडांवर बऱ्याच जास्त हवेच्या २३ च्या टायरइतकाच घट्ट लागतो हाताला, अंगठ्याने दाबून दाब ओळखायला जाऊ नका.

वाचनमात्र
अवांतर: हवेच्या टायरला लोक आधी हसले होते म्हणे?

ओली_वाट
हो. रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा सायकलचा जमाना आलाच नव्हता. डनलॉपने परत शोधला तो १८८७-८८ मध्ये, मुलाच्या तीनचाकीसाठी. १८८९ मध्ये बेलफास्टला विल्यम ह्यूमने ते फुगीर टायर लावून शर्यती जिंकल्या आणि हसणं थांबलं. पण तो टायर रिमला चिकटवलेला असायचा. काढता-घालता येणारा टायर आला तो पुढच्या दोनतीन वर्षांत. म्हणजे 'पंक्चर काढणं किती सोपं' हे ठिगळ म्हणतात ते खरं जुनं नाहीच, ती पहिली सुधारणा.

उतारावरचा
धागा कुठे गेला होता, आणि किती शिकलो!
मोजपट्टींनी सांगितल्याप्रमाणे बघितलं: ३२-६३०. रिमच्या आत बोट फिरवलं: सरळ भिंत. मागची जागा १२०. हब उघडला, ग्रीसचं मेण झालं होतं, धुतल्यावर कपात खड्डे नाहीत. छर्रे बदलले. आता लोण्यासारखा फिरतो.
उरला रिमचा प्रश्न. ७००सी ची तयार चाकं घ्यायची का?

आऊट_काढणारा
तयार चाकं १३० ची मिळतील, ती १२० मध्ये घुसवायला चौकट फाकवावी लागेल. लोखंडी फ्रेम असेल तर जमतं, पण नीट माप घेऊन, दोन्ही बाजूंनी सारखं. मी असतो तर हब हेच ठेवले असते. हब चांगले, जागा १२० ची, सरक थोडी, ॲक्सल लोंबत नाही. बदलायची ती रिम. ॲल्युमिनिअमची, आकड्याची, ३६ भोकांची, स्पोक नवे स्टेनलेसचे. जुने जस्ताचा मुलामा दिलेले स्पोक परत वापरू नका. स्पोक एकदम जोराने तुटत नाहीत, वर्षानुवर्षं वाकून वाकून हबपाशी दमतात.
आता ६३० की ६२२? ६२२ ला टायर मिळतील ते निवडून थकाल. पण रिम त्रिज्येने ४ मिलिमीटर खाली जाईल. ब्रेकचं रबर खाचेत तेवढं खाली सरकतंय का ते आधी बघा. सरकत नसेल तर ६३० ची ॲल्युमिनिअम रिम, तीही बनतात. स्पोकची लांबी जुन्यावरून ठरवू नका, नव्या रिमची खोली वेगळी असते. रिम हातात आल्यावर मोजा.

उतारावरचा
मोजलं. रबर ५ मिलिमीटर खाली येतं. ६२२ नक्की. टायर ३२ चे, ट्यूब घालूनच (ठिगळ यांच्या कुत्र्याची आठवण ठेवून).

ठिगळ
कुत्रा माझा नव्हता.

उतारावरचा
तीन आठवड्यांनी परत आलो. दोन्ही चाकं स्वतः विणली. पहिल्या खेपेला एक स्पोक चुकीच्या भोकात गेला होता, पूर्ण उसवून परत. आऊट काढायला दोन संध्याकाळी लागल्या, शेवटचा अर्धा मिलिमीटर सोडून दिला. समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत दाबून ताण बसवला, तेव्हा कडकड आवाज आला तो ऐकून घाबरलो होतो.
५५ पौंड पुढे, ६० मागे. सायकल हलायला आता वेळ घेत नाही, आणि काल पावसात ब्रेक दाबला तर थांबली. हब तेच आहेत, चाक फिरवून सोडलं की अजूनही बराच वेळ फिरत राहतं.
माझं पहिलं मत मागे घेतो. फोटो टाकतोय.

मोजपट्टी
उत्तम काम. फक्त पुढच्या टायरवरचा बाण बघा. उलटा बसवलाय.

उतारावरचा
पण नक्षी शोभेपुरती असते असं कुणीतरी म्हणालं होतं ना?

मोजपट्टी
शोभेपुरतीच असते. म्हणूनच सांगितलं.